सहा सेकंद

दिवसभर मी लोकांना फुंकायला लावते.
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी,
छाती भरून घ्या, आता सोडा, सोडा,
आणखी, आणखी, थांबू नका.
सहा सेकंद. त्याआधी थांबलात तर मशीन मानत नाही.
अरबीत, हिंदीत, मोडक्या तगालोगमध्ये
एवढंच एक वाक्य मला अस्खलित येतं.

संध्याकाळी साल्मियात, चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावर
नाजी माझ्या गळ्यात पट्टा अडकवतो
आणि म्हणतो, सोडा.

सॅक्सोफोन चाळीस दिनारांचा.
करार संपून मनिलाला परतणाऱ्या एर्विननं
फ्रीज, इस्त्री आणि हा, असं एकत्रच विकलं.
इस्त्री चालते. फ्रीज गळतो.
हा पहिला महिनाभर नुसता किंचाळला.

पत्ती आधी तोंडात धरून भिजवायची.
बोरूच तो, तासून तासून नखाएवढा केलेला,
चव ओल्या आगकाडीची.
खालचा ओठ दातांवर दुमडायचा
आणि चावायचं नाही.
मी चावते.
सत्तेचाळीस वर्षं आवळून धरलेले ओठ
असे एका संध्याकाळीत सुटत नाहीत.

नाजी चष्मा काढतो, काचेवर हाऽऽ करतो,
धुरकटलेली काच माझ्यापुढे धरतो.
अशी हवा. गरम. मेणबत्ती विझवणारी नको.
पोटातून, म्हणतो, अजून खालून.
मला कळतं. आमच्याकडे त्या जागेला बेंबीचा देठ म्हणतात
आणि तिथून आम्ही फक्त ओरडतो.

घरी सराव बंद झाला.
तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म बद्रनं हारिसला सांगितलं,
कुणाचा तरी एसी मरतोय.
मोतालेब बिचारा गच्चीवर जाऊन
एकूण एक कॉम्प्रेसर तपासून आला.

आता मी गाडीत वाजवते, समुद्राकडे तोंड करून,
काचा वर, एसी बंद, कारण झोतानं पत्ती सुकते.
ऑगस्ट महिना.
घाम कोपरावरून चाव्यांवर ठिबकतो.
बी, ए, जी.
एक बोट, दोन बोटं, तीन.
धूळ उठली की एक गादी चिकटते
आणि सुटताना पच्‌ करते,
तेवढाच आवाज हमखास सुरात.

मुलगा साताऱ्याहून विचारतो, आई, हे आता कशाला?
स्वस्त मिळाला, म्हणते.

बुधवारी अबू नासर आले. चौथी खेप.
पूर्वी रिफायनरीत फिटर, हात अजून पान्यासारखे.
आलेख मागच्यापेक्षा ठेंगणा.
चार सेकंदांना थांबले.
आणखी, आणखी, हे तोंडाशी आलं होतं माझ्या,
पण चौथ्या सेकंदाला काय होतं ते आता मला ठाऊक आहे.
बरगड्या मिटत येतात,
तळाशी उरलेली हवा कंजूष होते,
आणि कुणी तरी बाहेरून सांगत असतं, थांबू नका.
मी गप्प राहिले. त्यांनी वर पाहिलं.
दम खा, म्हटलं. चक्क मराठीत.
ते हसले, मग खोकले, बराच वेळ.

आमच्यात दम खातात, दम धरतात,
पोरांना दम देतात.
नुसता सोडून देतात, असं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

आज घड्याळ लावून धरला बी.
सहा गेले. आठ. नऊ.
अकराव्याला थरथरला, आणि घामानं बोट घसरलं,
एकही चावी दाबलेली नव्हती
तरी सूर चालूच. वेगळा, थोडा पोकळ, पण सूर.
हे नाजीनं सांगितलं नव्हतं.
मी घाबरून थांबले.

शेजारच्या गाडीतलं एक पोर काचेला नाक लावून बघत होतं.
त्यानं काचेवर हाऽऽ केलं,
बोटानं एक वाकडा गोल काढला, त्याला शेपूट जोडलं.
हत्ती असेल. किंवा हेच वाद्य.

मी पत्ती पुन्हा तोंडात धरली.